क्रिटिकल इलनेस विमा आणि लाँग टर्म डिसॅबिलिटी विमा

क्रिटिकल इलनेस विमा म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गंभीर आजारांपैकी एखादा झाला की एकरकमी पैसे देणारी पॉलिसी, आणि लाँग टर्म डिसॅबिलिटी विमा म्हणजे आजारपणामुळे किंवा अपघातामुळे कमाई थांबली की दर महिन्याला पगाराचा काही हिस्सा देणारी पॉलिसी. दोन्हींचा संबंध आजारपणाशी येतो म्हणून एक घेतली की झालं असं बरेच जण धरून चालतात, पण क्लेमच्या वेळी पहिलीत विचारतात आजार कोणता झाला आणि दुसरीत विचारतात तुम्हाला काम करता येतंय का, बाकीचे सगळे फरक यातूनच येतात. हॉस्पिटलचं बिल भरणारा मेडिक्लेम हे तिसरंच प्रकरण आहे, तो या दोन्हींत धरू नये.

क्रिटिकल इलनेस विम्याची कल्पना एका डॉक्टरची आहे. दक्षिण आफ्रिकेतले हार्ट सर्जन मारियस बर्नार्ड, म्हणजे १९६७ साली माणसाचं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांचे भाऊ आणि त्या टीममधलेही एक. आपण जीव वाचवतो पण पेशंट घरी जाऊन पैशापायी खचतो, हे ते बघत होते. आयुर्विमा मेल्यावर पैसे देतो, मग जगलेल्या माणसाचं काय, या विचारातून १९८३ मध्ये तिथे अशी पहिली पॉलिसी बाजारात आली. तेव्हा तिच्यात चारच गोष्टी होत्या : हार्ट अटॅक, स्ट्रोक, कॅन्सर आणि बायपास. आज तीस-चाळीस आजारांची यादी दाखवून पॉलिसी विकतात, पण क्लेममध्ये मोठा वाटा अजूनही कॅन्सर, हार्ट आणि स्ट्रोकचाच असतो, त्यामुळे यादी किती लांब आहे हे बघून पॉलिसी निवडण्यात माझ्या मते काही अर्थ नाही.

बघायची असते ती व्याख्या. डॉक्टर ज्याला कॅन्सर म्हणतात त्यातलं सगळंच पॉलिसीच्या भाषेत कॅन्सर नसतं, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला म्हणजे आजूबाजूला न पसरलेला कॅन्सर किंवा त्वचेचे बरेचसे कॅन्सर बहुतेक जुन्या पॉलिसींत वगळलेले असतात, नव्या काहींमध्ये त्यासाठी रकमेचा थोडा भाग देतात. हार्ट अटॅकला ईसीजीतले बदल आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, वाढल्याचा पुरावा लागतो. स्ट्रोकमध्ये मेंदूला कायमची इजा झालेली असावी लागते, काही तासांत उतरलेला छोटा झटका चालत नाही. अँजिओप्लास्टी तर कित्येक ठिकाणी धरतच नाहीत, आणि घरच्यांना हे कळतं ते फॉर्म भरून झाल्यावर, तेव्हा फार वाईट वाटतं कारण प्रीमियम तर सगळे वेळेवर भरलेले असतात. शिवाय सुरुवातीचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतरचा असा काळ ज्यात निघालेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत, बऱ्याचदा ९० दिवसांचा, आणि सर्व्हायवल पिरियडही, म्हणजे निदानानंतर साधारण १४ ते ३० दिवस पेशंट जगायला हवा. एकदा हे सगळं जुळलं की मात्र पैसे कशावर खर्च केले हे कोणी विचारत नाही, कर्ज फेडा, दुसऱ्या शहरात उपचार घ्या, जोडीदारानं सुट्टी घ्यावी म्हणून वापरा. पूर्ण रक्कम दिली की पॉलिसी सहसा तिथेच संपते.

डिसॅबिलिटी विम्यात आजाराचं नाव दुय्यम असतं. कंबरदुखी, सांधे, डिप्रेशन, अपघातात मोडलेला पाय, काहीही चालतं, फक्त त्यामुळे काम करता येत नाही हे डॉक्टरच्या कागदांनी दाखवावं लागतं, आणि एकदाच नाही तर पैसे चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा. मिळतात ते साधारण पगाराच्या ५० ते ७० टक्के, पूर्ण पगार मुद्दाम देत नाहीत, माणसाला कामावर परतावंसं वाटावं म्हणून. सुरुवातीचे ९० किंवा १८० दिवस काहीच मिळत नाही, तो काळ रजा, साठवलेले पैसे किंवा शॉर्ट टर्म म्हणजे थोड्या काळापुरते पैसे देणाऱ्या डिसॅबिलिटी पॉलिसीवर काढायचा. नंतर पैसे दोन वर्षं, पाच वर्षं किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत चालू राहतात, जशी पॉलिसी असेल तसं. सरकारी मदत मिळत असेल तर बऱ्याच ठिकाणी तेवढी रक्कम कापून घेतात, आणि मानसिक आजारांसाठी अनेक ग्रुप पॉलिसींत, म्हणजे नोकरीच्या ठिकाणी सगळ्यांसाठी मिळून घेतलेल्या पॉलिसींत, दोनच वर्षांची मर्यादा असते, ही मला अन्यायाची वाटते.

इथला कळीचा शब्द म्हणजे ऑक्युपेशन, म्हणजे तुमचं काम किंवा व्यवसाय. समजा बस ड्रायव्हरला फिट्स यायला लागल्या. 'ओन ऑक्युपेशन' पॉलिसी असेल तर त्याला त्याचं स्वतःचं काम जमत नाही एवढं पुरतं, पण 'एनी ऑक्युपेशन' असेल तर कंपनी म्हणू शकते की शिक्षण आणि अनुभव बघता तुम्ही डिस्पॅचच्या, म्हणजे गाड्या कधी कुठे सोडायच्या हे ठरवणाऱ्या टेबलावर बसू शकता. पुष्कळ ग्रुप पॉलिसी पहिले २४ महिने पहिली व्याख्या लावतात आणि मग दुसरी, म्हणून चालू असलेले पैसे दोन वर्षांनी अचानक बंद झाल्याचे अनुभव येतात.

आता तुलना करून बघा. हार्ट अटॅक येऊन दोन महिन्यांत कामावर परतलेल्या बाईला क्रिटिकल इलनेसचे पूर्ण पैसे मिळतात आणि डिसॅबिलिटीचे शून्य, कारण थांबायचा काळच संपलेला नसतो. स्लिप डिस्कमुळे तीन वर्षं घरी बसलेल्याचं नेमकं उलटं होतं, त्याचा आजार यादीतच नाही. माझं मत विचाराल तर घर एकाच पगारावर चालत असेल तर आधी डिसॅबिलिटी बघावी, कारण लांबलेली बेरोजगारी एकरकमी पैसे संपवून टाकते. पण घर सांभाळणारी व्यक्ती, जिला पगारच नाही, तिला डिसॅबिलिटी पॉलिसी सहसा मिळतच नाही, तिच्यासाठी क्रिटिकल इलनेसच उरतो. फ्रीलान्सरना दोन्ही मिळू शकतात, मात्र उत्पन्नाचे कागद नीट ठेवावे लागतात.

नोकरीतून मिळालेलं ग्रुप कव्हर बहुतेक वेळा नोकरीबरोबरच जातं. मध्येच बीपी किंवा शुगर निघालेली असेल तर नवी पॉलिसी महाग पडते नाहीतर तो आजार वगळून मिळते, आणि फॉर्ममध्ये ते लपवलं तर पुढे क्लेम नाकारला जाऊ शकतो, म्हणून राजीनामा द्यायच्या आधी स्वतःची पॉलिसी मंजूर होऊन हातात आलेली बरी.