फेचवन वापरलं की मेमरी वाचते? नाही हो

बरीच वर्षं फिरणारा सल्ला: पायथनची डेटाबेस स्क्रिप्ट रॅम खात असेल तर फेचऑल (सगळ्या ओळी एकदम देणारं फंक्शन) काढून फेचवन लावा, एकेकच ओळ येते.

ऐकायला पटतं, नावच तसं आहे. पण पोस्टग्रेस डेटाबेससाठी सायकोपीजी२ ही पायथन लायब्ररी वापरत असाल तर साध्या कर्सरवर (क्वेरी चालवून ओळी देणारा ऑब्जेक्ट) एक्झिक्यूट, म्हणजे क्वेरी चालवणं, झालं की सगळा रिझल्ट तेव्हाच तुमच्या मशिनवर येऊन बसतो, फेचवन फक्त त्यातली पुढची ओळ हातात देतो. फेचऑल त्यावर पायथनची भलीमोठी लिस्ट बनवतो, म्हणून तो बदलल्यावर थोडा फरक दिसतो आणि सल्ला खरा वाटतो.

तपासायचं असेल तर एक्झिक्यूटनंतर लगेच स्लीप ३० टाका, एकही फेच न करता, आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये टॉप ही कमांड लावून त्या प्रोसेसचा रेसचा (RES, प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) कॉलम बघा. मोठं टेबल असेल तर आकडा तिथेच चढलेला दिसेल.

उपाय म्हणजे कर्सरला नाव द्यायचं, मग रिझल्ट सर्व्हरकडेच राहतो आणि फॉर लूपमध्ये डीफॉल्टने २००० ओळींच्या गठ्ठ्याने येतो. इथे मात्र फेचवन नकोच, प्रत्येक ओळीला सर्व्हरपर्यंत हेलपाटा पडतो. आणि लूपमध्ये सगळ्या ओळी लिस्टमध्ये अपेंड करत बसलात तर पुन्हा तेच.