परत विश्वास ठेवायचा का, तेही इतक्या लांबून?

असं धरा की मुलगी पुण्यात आहे, मुलगा म्युनिकमध्ये नोकरीला आहे आणि ओळख होऊन काही महिने झालेत. तो ऑफिस सुटल्यावर साडेसहाला फोन करतो, इकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि हे रोजचं ठरलेलं आहे. मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येतो, युरोपात घड्याळं एक तास मागे जातात, सोमवारी तो नेहमीसारखाच साडेसहाला फोन करतो पण पुण्यात आता अकरा वाजलेत. मधल्या त्या एका तासात, जिला आधी कुणीतरी फसवलंय तिच्या डोक्यात काय काय होऊन जातं ते ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लास्ट सीन बघून होतं, ऑनलाईन होता मग माझा मेसेज का नाही बघितला, मागच्या आठवड्यात कुठल्या तरी टीममेटचं नाव दोनदा घेतलं होतं ते आठवतं, आणि फोन वाजेपर्यंत मनातल्या मनात ब्रेकअपसुद्धा झालेला असतो.

लोक याला संशयी स्वभाव म्हणून मोकळे होतात. मला ते फार अन्यायाचं वाटतं, कारण मेंदू इथे एकदा बसलेल्या फटक्यातून शिकलेलं वापरत असतो, आणि फटका खरंच मोठा असतो. 2011 साली अमेरिकेत इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी, नुकतंच ज्यांचं नातं मनाविरुद्ध तुटलंय अशा 40 जणांना एफएमआरआय मशीनमध्ये (मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारं स्कॅन) ठेवलं, एकदा जुन्या जोडीदाराचा फोटो दाखवून ते तुटणं आठवायला सांगितलं आणि एकदा हाताला गरम चटका दिला (सोसेल इतपतच), तर दोन्ही वेळा मेंदूतले काही सारखेच भाग पेटलेले दिसले. तीन वर्षांनी आणखी बारकाईने बघितल्यावर कळलं की भाग तेच असले तरी आतले पॅटर्न वेगवेगळे आहेत, म्हणजे दोन्ही दुखणी अगदी एकच असं म्हणणं जास्तीचं होईल. पण 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणून उडवून लावण्यासारखी ही गोष्ट नाही एवढं नक्की.

आणि भीती पुसली जात नाही. मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलंय. एका पिंजऱ्यात आवाज आला की शॉक बसतो हे उंदीर शिकतो, मग दुसऱ्या पिंजऱ्यात तोच आवाज शॉकशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवला की तो घाबरायचं सोडून देतो, पण पहिल्या पिंजऱ्यात परत नेलं की भीती हजर! म्हणजे जुनं शिकलेलं तसंच राहतं, त्याच्यावर नवीन शिकणं चढतं, आणि ते नवीन शिकणं जागेला, प्रसंगाला बांधलेलं असतं. माणूस उंदीर नाही हे मान्य, पण आधीचं नातं जर व्हॉट्सअॅपवर हळूहळू थंड होत संपलं असेल आणि नवीन नातंही सगळं व्हॉट्सअॅपवरच चालू असेल तर पिंजरा तोच आहे की. त्याच ब्ल्यू टिक, तेच 'टायपिंग' येऊन गायब होणं. दोघं रोज समोरासमोर भेटत असते तर मेंदूला निदान वेगळी जागा मिळाली असती.

त्यात न्यूयॉर्क विद्यापीठातल्या सुझन अँडरसन यांचे प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. त्यांनी लोकांना एका अनोळखी माणसाचं वर्णन वाचायला दिलं, त्यात त्या त्या व्यक्तीच्या आयुष्यातल्या जवळच्या माणसाचे काही गुण मुद्दाम मिसळले होते. नंतर काय काय आठवतं विचारलं तर लोकांनी वर्णनात नसलेल्या गोष्टीही वाचल्याचं सांगितलं, आणि त्या गोष्टी त्या जुन्या माणसाच्या होत्या. म्हणजे नवीन मुलगा जुन्यासारखं 'बघू गं' म्हणाला की बाकीचा जुना माणूस आपलं डोकंच भरून टाकतं. म्हणून चिडायच्या आधी, हे त्याने खरंच केलंय की मी आठवणीतून भरतेय एवढं एकदा विचारून बघावं, आणि जमलं तर त्याने लिहिलेला मेसेज परत उघडून शब्दन् शब्द वाचावा.

कोलंबिया विद्यापीठातल्या जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी 1996 मध्ये या सगळ्याला नकाराबद्दलची संवेदनशीलता असं नाव दिलं. नकार येणारच असं धरून चालणं, साध्या गोष्टीत तो दिसणं, आणि दिसला की जोरात प्रतिक्रिया देणं. डाउनी यांच्याच पुढच्या कामात दिसलं की अशा बायकांचे जोडीदार भांडणानंतर जास्त वैतागलेले असायचे, म्हणजे ज्या नकाराची भीती तोच ओढवून घेतला जातो. वाचून खूप वाईट वाटतं, कारण यात कुणाचाच हेतू वाईट नसतो.

मग काय, कुणावर विश्वासच ठेवायचा नाही? इथे एक गणिती अडचण आहे आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. विश्वास ठेवला आणि चुकलो तर चूक कळते, चांगलीच कळते. विश्वास ठेवला नाही आणि तो माणूस खरं तर चांगला होता, तर ही चूक कधीच कळत नाही, कारण तो निघून गेलेला असतो. कोलोन विद्यापीठाचे डेटलेफ फेचेनहाउअर आणि अमेरिकेतले डेव्हिड डनिंग यांनी 2010 मध्ये हेच पैशांच्या खेळात दाखवलं, लोकांना अनोळखी माणसांचे छोटे व्हिडिओ दाखवून, याच्या हातात पैसे सोपवले तर तो परत करेल की नाही ते ओळखायला सांगितलं. ज्यांना फक्त विश्वास ठेवल्यावरच निकाल कळत होता ते लोकांना आहेत त्यापेक्षा वाईट समजत राहिले, ज्यांना प्रत्येक वेळी निकाल कळला त्यांचा अंदाज सुधारला. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणं ठीकच आहे हो, पण ताक पिणंच सोडलं तर ते थंड असतं हे कळणार कसं?

लांबच्या नात्यात मात्र उलटा धोकाही असतो आणि तो लक्षात येत नाही कारण तो गोड असतो. संवादाचा अभ्यास करणारे जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्येच सांगितलं होतं की नुसत्या लिहून होणाऱ्या संवादात जवळीक कधीकधी समोरासमोरच्यापेक्षाही जास्त वाढते, कारण लिहिणारा विचार करून स्वतःचं चांगलं तेवढं दाखवतो आणि वाचणारा मोकळ्या जागा आपल्या आवडीने भरतो. 2013 मध्ये क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक यांनी 63 जोडप्यांकडून आठवडाभर रोजच्या बोलण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या, तर लांब राहणारे बोलत होते कमी वेळा पण मनातलं जास्त सांगत होते, आणि जोडीदाराला आहे त्यापेक्षा आदर्शही मानत होते. म्हणजे आधी दुखावलेल्या माणसाच्या डोक्यात एकाच वेळी दोन खोटी चित्रं चालू असतात, रिप्लाय आला की देव आणि नाही आला की राक्षस. दोन्ही चित्रांना रंग पुरवतो तो माहितीचा अभाव.

बरं, खोटं ओळखता येईल म्हणून चेहरा वाचत बसावं, आवाज पारखावा, तर त्यातही आपण फार कच्चे आहोत. चार्ल्स बाँड आणि बेला डेपॉलो यांनी 2006 मध्ये शेकडो प्रयोगांचा हिशोब एकत्र केला तेव्हा माणसांना खरं-खोटं ओळखणं 54 टक्के वेळा जमलं, नाणं उडवलं तरी 50 टक्के जमतं. व्हिडिओ कॉलवर नजर चुकवली म्हणून रात्र जागून काढणाऱ्या प्रत्येकीला हा आकडा सांगावासा वाटतो मला.

मग बघायचं काय? कॅनडातल्या रेम्पेल, होम्स आणि झॅना यांनी 1985 मध्ये विश्वासाचे तीन थर मांडले, वागण्याचा अंदाज बांधता येणं, अडीनडीला हा माणूस भरवशाचा आहे असं वाटणं, आणि मग पुढचं काही माहीत नसतानाही असणारी खात्री. तिसरा थर पहिल्या दोनांवर उभा राहतो. आपल्याकडे बरेचदा पहिल्याच महिन्यात तिसरा थर मागितला जातो, 'माझ्यावर विश्वास नाही का तुझा?' असं म्हणून. दुसरा थर कळतो तो त्याची सोय आणि तुमची गरज एकमेकांच्या आड येते तेव्हाच, त्याच्या मित्रांचा वीकेंड ट्रिपचा प्लॅन आणि तुमच्या आईचं ऑपरेशन एकाच दिवशी आलं तर. लांबून असे प्रसंग कमी येतात, म्हणून जे येतील ते नीट बघायचे. अचानक केलेला व्हिडिओ कॉल, घरच्यांशी, रूममेटशी एकदा बोलणं, तिकिटाची तारीख ठरणं आणि ती पाळली जाणं, यातलं काहीच खूप मागणं नाहीये.

जो माणूस महिनोन् महिने व्हिडिओवर येतच नाही, भेट दर वेळी ऐनवेळी रद्द होते, आणि मग कधीतरी पार्सल कस्टममध्ये अडकलंय किंवा दवाखान्याचं बिल भरायचंय म्हणून पैसे मागतो, तिथे थर वगैरे मोजत बसायचं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे एकट्या 2022 मध्ये अशा प्रेमाच्या फसवणुकीच्या जवळपास 70 हजार तक्रारी आल्या, नुकसान 1.3 अब्ज डॉलर. भारतात असं झालं तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, लाज वाटायचं काहीही कारण नाही, फसवणारे पगारी नोकरी करावी तसं हे काम करतात.

आणि भेटल्यावर फक्त लोणावळा-महाबळेश्वर फिरून परत जाऊ नका. लॉरा स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की लांब असताना छान टिकलेली बरीच नाती एकाच गावात आल्यावर तुटतात, काही तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण तोवर एकमेकांचे साधे दिवस बघितलेलेच नसतात. चार दिवस असे काढा ज्यात बँकेत जायचंय, भाजी आणायचीय, एकाला सर्दी झालीय.

मुलीही असं वागतात हे उघड आहे, उदाहरण मुलाचं घेतलं एवढंच. मागचं सगळं खोदून सांगायची गरज नाही, पण 'आधी वाईट अनुभव आलाय, मला जरा सावकाश जायचंय' हे वाक्य लवकर सांगून टाकावं. ते ऐकून लगेच काय गोड उत्तर येतं त्याला फार किंमत देऊ नका, पुढचे काही महिने बघा, उशीर होणार असेल तर आपणहून कळवतो का, घड्याळ बदललं की नवीन वेळ स्वतः विचारून ठरवतो का, की दर वेळी भांडण अशा जागी आणून सोडतो जिथे शेवटी सॉरी तुम्हीच म्हणता.