केल्मिस कधीच एस्पेरांतो देश नव्हता

बेल्जियमच्या सीमेवरच्या केल्मिस गावाबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते: १९०८ साली तिथे 'अमिकेयो' नावाचा जगातला पहिला एस्पेरांतो देश, म्हणजे एस्पेरांतो ही मुद्दाम तयार केलेली आंतरराष्ट्रीय भाषा वापरणारा देश, स्थापन झाला. हे खरं नाही. खरा इतिहास याहून कितीतरी रंजक आहे, म्हणून हा खुलासा.

नेपोलियनच्या पाडावानंतर प्रशिया (तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य) आणि नेदरलँड्स दोघांनाही इथली जस्ताची खाण हवी होती. कुणीच माघार घेईना. १८१६ साली तोडगा निघाला: खाणीभोवतीचा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कुणा एकाचा नाही, दोघांच्या संयुक्त देखरेखीखाली. हाच 'तटस्थ मोरेस्ने'. १८३० नंतर डचांच्या जागी बेल्जियम आला. कायदे मात्र नेपोलियनच्या काळचेच राहिले! सुरुवातीला अडीचशेच्या आसपास माणसं होती, पुढे काही हजार झाली.

१८८५ मध्ये खाण संपली आणि गावाच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. खाणीचे डॉक्टर विल्हेल्म मोली यांनी आधी स्वतंत्र टपाल सेवेचा प्रयत्न केला, तो बंद पाडण्यात आला. मग १९०८ मध्ये एस्पेरांतो राज्याची कल्पना मांडली. सभा झाली, राष्ट्रगीतही ठरलं. पण प्रशिया किंवा बेल्जियमने आपला हक्क सोडला नाही, कुठल्याही देशाने मान्यता दिली नाही. म्हणजे ती घोषणा होती, राज्य नव्हे.

१९१५ मध्ये जर्मनीने हा भाग गिळला, १९२० मध्ये व्हर्सायच्या तहानुसार तो बेल्जियमला मिळाला, १९४० ते १९४४ पुन्हा जर्मनीकडे गेला. आज केल्मिस बेल्जियममध्ये आहे, आणि तिथली अधिकृत भाषा आहे जर्मन.