दीडशे मिलिसेकंदांत समोर बसलेला माणूस

व्हिडिओ मीटिंगमध्ये समोरचा माणूस आपल्याकडे बघत असतो, तरी त्याची नजर खाली झुकलेली दिसते. तो बघतो पडद्यावर आपण दिसतो तिथे आणि कॅमेरा असतो पडद्याच्या वरच्या कडेला. डोळ्याला डोळा भिडतच नाही.

गूगलने 2021 मध्ये जाहीर केलेल्या 'प्रोजेक्ट स्टारलाइन'ने हा प्रश्न हाती घेतला. 2025 मध्ये त्याचं नाव 'गूगल बीम' झालं आणि एचपीने त्यावर आधारित 65 इंची पडद्याचं, सहा कॅमेऱ्यांचं यंत्र आणलं. किंमत सुमारे 25,000 डॉलर. कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून माणूस टिपतात, संगणक त्याचं त्रिमितीय रूप रचतो आणि पडदा डाव्या-उजव्या डोळ्याला वेगवेगळं चित्र दाखवतो. बघणाऱ्याने मान हलवली की चित्राचा कोनही बदलतो. चष्मा नाही, हेडसेट नाही.

अशा उत्पादनाच्या प्रॉडक्ट मॅनेजरसमोर सर्वांत अवघड हिशेब असतो तो वेळेचा. 2009 मध्ये दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, जातात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यातला उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सुचवतो. आता पुणे ते कॅलिफोर्निया धरा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सरळ रेषेतलं अंतर कापायलाच 65 मिलिसेकंदांहून जास्त लागतात आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ जात नाहीत. उरलेल्या वेळेत चित्र टिपायचं, पाठवण्यासाठी लहान करायचं, पुन्हा उभं करायचं आणि दाखवायचं.

इथे इंजिनिअर म्हणतो, केसांच्या कडा स्वच्छ हव्यात, दोन फ्रेमइतका वेळ जास्त द्या. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, असतील तर दोन फ्रेम म्हणजे 33 मिलिसेकंद. द्यायचे की नाही, हे प्रॉडक्ट मॅनेजरला ठरवावं लागतं. माझ्या मते देऊ नयेत. धुरकट कडांचा दोष आपण यंत्राला देतो, उशिराचा मात्र माणसाला. जर्मनीतल्या संशोधकांनी 2014 मध्ये हे प्रयोगातून दाखवलं: जोडणीत उशीर असला की लोकांना समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटतो. नोकरीच्या मुलाखतीत याची किंमत उमेदवार मोजतो आणि ती का मोजावी लागली, हे त्याला कळतही नाही.

तंत्र जमलं तरी ग्राहक येतीलच असं नाही. अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीने 1970 मध्ये पिट्सबर्गमध्ये 'पिक्चरफोन' ही बोलताना चेहरा दाखवणारी फोनसेवा सुरू केली. महिन्याला 160 डॉलर मोजायचे, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडेही तोच फोन हवा. ग्राहक फारच थोडे मिळाले. आजच्या त्रिमितीय भेटीलाही दोन्ही टोकांना यंत्र लागतं. त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक शोधायचं ते दोन दूरच्या शहरांत ऑफिस असलेल्या एकाच कंपनीत. दोन्ही यंत्रांचे पैसे तिथे एकाच खिशातून येतात.