लिनियर ॲम्प्लिफायर जोडण्यापूर्वी: हौशी रेडिओ परवान्याची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज प्रक्रिया

सिटिझन बँडच्या, म्हणजे सर्वसामान्यांच्या कमी शक्तीच्या रेडिओ संभाषणासाठी असलेल्या पट्ट्याच्या, संचाला लिनियर ॲम्प्लिफायर, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती वाढवणारी पेटी, जोडला, पण तो तापतो, आवाज फाटतो किंवा शक्ती वाढलेली दिसत नाही, अशी अडचण घेऊन येणाऱ्याला तांत्रिक उत्तर देण्याआधी एक कायदेशीर बाब सांगणे भाग असते. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सिटिझन बँडचा पट्टा २००५ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त केला आहे, मात्र ही मुक्तता अटींसह आहे. शक्ती जास्तीत जास्त ५ वॅट असावी आणि अँटेना संचातच बसवलेला असावा. बाहेरून ॲम्प्लिफायर जोडला की ती मुक्तता संपते आणि तो संच विनापरवाना वायरलेस केंद्र ठरतो. अशा जोडणीतला दोष शोधून देणे म्हणजे बेकायदा प्रक्षेपण सुरळीत करून देणे होय, म्हणून हा लेख त्या वाटेने जात नाही. ज्याला ॲम्प्लिफायरची खरोखर गरज किंवा आवड आहे, त्याच्यासाठी हौशी रेडिओचा, म्हणजेच छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या हॅम रेडिओचा, परवाना हा सरळ मार्ग आहे आणि तो दिसतो तितका अवघड नाही.

या बंदीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोणताही ॲम्प्लिफायर मूळ वारंवारतेबरोबर तिच्या पटीतल्या वारंवारताही थोड्याफार बाहेर टाकतो. २७.१८५ मेगाहर्ट्झची चौथी पट १०८.७४ मेगाहर्ट्झ येते, आणि १०८ मेगाहर्ट्झपासून विमानांना धावपट्टीची दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेचा पट्टा सुरू होतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा या वरच्या वारंवारता अडवणारा लो-पास फिल्टरच नसतो, किंवा असला तरी नावापुरता असतो. अशा पेटीला गरजेपेक्षा जास्त ड्राइव्ह, म्हणजे संचाकडून येणारी शक्ती, दिली की अनावश्यक उत्सर्जन आणखी वाढते. शेजाऱ्याच्या टीव्हीवर रेघा उमटणे हा त्याचा डोळ्यांना दिसणारा परिणाम झाला. विमानतळाजवळच्या वस्तीत तेच उत्सर्जन कुठवर पोहोचते, हे केंद्र चालवणाऱ्याला कधीच कळत नाही.

परदेशी चित्रफिती पाहून पुष्कळांचा समज होतो की अमेरिकेत हे सगळे चालते. तसे नाही. तिथेही सिटिझन बँडवर एएम या प्रक्षेपण प्रकारासाठी ४ वॅट आणि सिंगल साइडबँड या प्रकारासाठी १२ वॅट अशी मर्यादा आहे आणि त्या सेवेत बाहेरचा ॲम्प्लिफायर वापरण्यास मनाई आहे.

पात्रता

भारतात हौशी रेडिओ केंद्राचा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखा देते. व्यवहारात ती डब्ल्यूपीसी या नावाने ओळखली जाते. त्यासाठीचे मूळ नियम १९७८ चे असून त्यात पुढे वेळोवेळी सुधारणा झाल्या. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असल्यामुळे अर्जाचा नमुना आणि शुल्क यांचा तपशील अर्ज करतानाच्या दिवशी सरकारी पोर्टलवर वाचून घ्यावा; जुन्या पुस्तिकेवर विसंबू नये.

अर्जदार भारतीय नागरिक असावा आणि त्याच्या वयाची १२ वर्षे पूर्ण झालेली असावीत. शैक्षणिक पात्रतेची अट नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण अभियांत्रिकीची पदवी लागते असे समजून कित्येक वायरमन, मेकॅनिक आणि शाळकरी मुले अर्जच करत नाहीत, आणि नेमके हेच लोक हाताने काम करणारे असल्यामुळे या छंदात लवकर तरबेज होतात.

परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. मर्यादित श्रेणीसाठी फक्त लेखी परीक्षा असते, तर सर्वसाधारण श्रेणीसाठी लेखी परीक्षेबरोबर मोर्स संकेताची, म्हणजे ठिपके आणि रेघांच्या लिपीचीही परीक्षा द्यावी लागते. मर्यादित श्रेणीच्या केंद्राला व्हीयू३ ने आणि सर्वसाधारण श्रेणीच्या केंद्राला व्हीयू२ ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने खरा फरक शक्तीच्या मर्यादेत आहे. मर्यादित श्रेणीला ५० वॅट आणि सर्वसाधारण श्रेणीला ४०० वॅट इतकी शक्ती वापरता येते. आजकालचे बरेचसे एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचे) संच मुळातच १०० वॅटचे असतात, त्यामुळे मर्यादित श्रेणीच्या परवानाधारकाला संचाचीच शक्ती कमी करून ठेवावी लागते आणि ॲम्प्लिफायरचा प्रश्न त्याच्यापुरता बहुधा उद्भवत नाही. ज्याचे ध्येय ॲम्प्लिफायर हेच आहे, त्याने मोर्सचा सराव पहिल्या दिवसापासून सुरू करावा.

कागदपत्रे

लागणारी कागदपत्रे मोजकीच आहेत. ओळख आणि नागरिकत्वाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, अलीकडचे छायाचित्र आणि सहीची स्कॅन केलेली प्रत एवढी तयारी करून ठेवावी. अर्ज अडकतो तो कागद नसल्यामुळे फार क्वचित. बहुतेक वेळा कागदांवरची नावे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून अडकतो. महाराष्ट्रात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर तेच नाव उलट क्रमाने किंवा वडिलांच्या नावाशिवाय छापलेले असते. पॅन कार्डावर तिसरेच स्पेलिंग असते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर ताडून पाहावे, आणि फरक असल्यास आधी आधारमधली दुरुस्ती किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत हाताशी ठेवावी. पुढे परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आणि परवान्यावर हेच नाव येते आणि तिथे ते बदलून घेणे जास्त त्रासाचे असते.

पत्त्याबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. परवाना व्यक्तीच्या नावाने असला तरी त्यावर केंद्राचे ठिकाण नोंदलेले असते. नोकरी पुण्यात आणि अँटेना उभारायचा गावच्या घरावर, असा बेत असेल तर कोणता पत्ता द्यायचा हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे. गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्याने गच्चीवर अँटेना लावण्यासाठी व्यवस्थापन समितीचे ना हरकत पत्र लेखी घ्यावे. डब्ल्यूपीसीचा परवाना मिळाला म्हणून गच्ची आपोआप मिळत नाही, आणि तोंडी होकार पुढच्या समितीपर्यंत टिकत नाही.

अर्ज आणि परीक्षा

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. आधी स्वतःच्या ई-मेल आणि मोबाइल क्रमांकाने नोंदणी करावी, मग हौशी केंद्रचालकाच्या परीक्षेचा अर्ज निवडून श्रेणी आणि परीक्षेचे केंद्र भरावे, कागदपत्रे जोडावीत आणि शुल्क भारतकोष या सरकारी प्रणालीतून भरावे. पैसे खात्यातून वळते झाल्यावर पावती डाउनलोड झाली आहे आणि अर्जाची स्थिती बदलली आहे, या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय पोर्टलवरून बाहेर पडू नये. परीक्षा विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग केंद्रांमार्फत होते. आपल्याकडच्या अर्जदारांना मुंबई, नागपूर आणि गोवा ही केंद्रे सोयीची आहेत.

प्रश्नपत्रिकेचे दोन भाग असतात. पहिल्या भागात रेडिओचे तंत्र येते: वीज आणि चुंबकत्व, अर्धवाहक, रिसीव्हर, ट्रान्समीटर, अँटेना, लहरींचे प्रसारण आणि मोजमाप. दुसऱ्या भागात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय नियम, क्यू संकेत (क्यू अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप), अक्षरांचे उच्चार-संकेत आणि आपत्कालीन संदेशांची पद्धत असते. मर्यादित श्रेणीसाठी प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. सर्वसाधारण श्रेणीसाठी हेच प्रमाण ५० आणि ५५ टक्के आहे. तंत्र चांगले येणारे उमेदवार दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच अडकतात, कारण एका भागातले जादा गुण दुसऱ्या भागाची उणीव भरून काढत नाहीत.

मोर्सची गती मिनिटाला ८ शब्द ठेवली आहे. शब्द ५ अक्षरांचा धरला जातो, म्हणजे मिनिटाला साधारण ४० अक्षरे घ्यायची आणि पाठवायची. तक्त्यावरचे ठिपके आणि रेघा डोळ्यांनी पाठ करणाऱ्याची गती पुढे वाढत नाही. अक्षर कानाने ओळखायला शिकावे, जसा तबला शिकणारा बोल आधी ऐकून तोंडात बसवतो. प्रत्येक अक्षर वेगाने आणि दोन अक्षरांमधली जागा मोठी, अशा पद्धतीने रोज थोडा वेळ सराव केला तर ही गती काही महिन्यांत सहज येते.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, हे नीट लक्षात ठेवावे. केंद्राच्या परवान्यासाठी त्याच पोर्टलवर दुसरा अर्ज करावा लागतो. तो २० वर्षांसाठी किंवा आजीवन, म्हणजे वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत, घेता येतो. परवाना हातात पडेपर्यंत प्रक्षेपण करता येत नाही. ऐकायला आणि शिकायला मात्र हा काळ उत्तम असतो.

परवाना मिळाल्यानंतर ॲम्प्लिफायर

परवान्यासोबत वारंवारता, प्रक्षेपणाचे प्रकार आणि शक्ती यांचे परिशिष्ट असते. ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधी ते वाचावे. सिटिझन बँडला लागून असलेला हौशी पट्टा २८ ते २९.७ मेगाहर्ट्झचा आहे. हौशी परवाना मिळाला म्हणून २७ मेगाहर्ट्झवर ॲम्प्लिफायर चालवण्याची मुभा मिळत नाही.

४०० वॅटची मर्यादा शेवटच्या टप्प्याला मिळणाऱ्या डीसी शक्तीवर मोजली जाते, अँटेनाकडे जाणाऱ्या शक्तीवर नव्हे. व्होल्ट गुणिले अँपिअर असा हा साधा हिशेब आहे. ५० व्होल्टवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरने ८ अँपिअर घेतले की मर्यादा गाठली. त्याची कार्यक्षमता ६० टक्के असेल तर बाहेर साधारण २४० वॅट मिळतील. जाहिरातीत लिहिलेले मोठमोठे आकडे या हिशेबात बसत नाहीत. परदेशातून संच किंवा ॲम्प्लिफायर मागवायचा असेल तर वायरलेस उपकरणाच्या आयातीची परवानगी माल निघण्यापूर्वी घ्यावी, नंतर नव्हे.

दोष शोधण्याचे काम आता कायदेशीर चौकटीत करता येते आणि त्याचाही एक क्रम आहे. प्रथम ॲम्प्लिफायर बाजूला काढून संच थेट अँटेनाला जोडावा आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे सांगणारा आकडा, पाहावा. १.५ असेल तर जेमतेम ४ टक्के शक्ती परत येते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के. संचावर ३ दिसणाऱ्या अँटेनाला ॲम्प्लिफायर जोडणे म्हणजे त्याचे ट्रान्झिस्टर जाळणे. पावसाळ्यानंतर हा आकडा वाढलेला दिसला तर गच्चीवरचा कनेक्टर उघडून पाहावा. पीएल-२५९ कनेक्टरवर टेप नीट गुंडाळलेली नसली की पाणी कोॲक्स केबलच्या जाळीत उतरते, चकाकणारे तांबे काळपट हिरवे पडते आणि त्या वायरचा तेवढा तुकडा कापून टाकण्यावाचून इलाज उरत नाही.

अँटेना ठीक निघाला तर वीजपुरवठ्याकडे वळावे. १३.८ व्होल्टवर १०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर ५० टक्के कार्यक्षमतेने सुमारे १४.५ अँपिअर ओढतो. बोलताना ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजावे. पुरवठ्याच्या पेटीवर १३.८ आणि टर्मिनलवर ११ दिसले तर दोष वायरीच्या जाडीत किंवा फ्यूजच्या पकडीत आहे. आवाज फाटण्याचे नेहमीचे कारण जादा ड्राइव्ह हे असते, आणि त्यावरचा उपाय संचाची शक्ती कमी करणे हा आहे. या सगळ्या चाचण्या शक्य तितक्या डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडून शक्ती जिरवणाऱ्या रोधावर, कराव्यात, म्हणजे वारंवार दिलेले चाचणीचे संदेश हवेत जाऊन दुसऱ्यांच्या संभाषणात अडथळा येणार नाही. हवेत चाचणी करावीच लागली तर वारंवारता मोकळी आहे याची आधी खात्री करावी, संकेतनाम द्यावे आणि वेळ, वारंवारता व शक्ती लॉगबुकात लिहावी. शेजाऱ्याची व्यत्ययाची तक्रार आली किंवा मॉनिटरिंग केंद्राकडून विचारणा झाली तर उत्तर देण्यासाठी ही नोंदच उपयोगी पडते.

घर बदलल्यास केंद्राचा नवा पत्ता परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवून त्याची नोंद करून घ्यावी. जुना संच किंवा ॲम्प्लिफायर विकताना घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत मागून घ्यावी आणि त्याच्या श्रेणीला तो चालतो का, हे परिशिष्टावरून तपासूनच तो हवाली करावा.