दम्याच्या नावावर मांडलेला हिशेब

२०१६ साली देशात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, रुग्ण किती होते, याची दोन छापील उत्तरे आहेत. २००५च्या सुमारास केंद्राने नेमलेल्या एका आयोगासाठी झालेल्या कामात २०१६पर्यंत सुमारे २.२ कोटी रुग्ण होतील, असा अंदाज होता. २०१८मध्ये आलेल्या राज्यवार अभ्यासाने त्याच वर्षासाठी ५.५३ कोटी हा आकडा दिला. पैशांचा हिशेब मांडला गेला तो पहिल्या अंदाजावरून: २०११साठी ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान, २०१६साठी ४८ हजार कोटी. २०१०-११मध्ये केंद्राची आरोग्यावरची तरतूद २५ हजार कोटींच्या घरात होती, त्यामुळे तेव्हा हे आकडे अवाढव्य वाटले आणि पुढे कित्येक वर्षे तेच सांगितले जात राहिले. पण माणसेच निम्म्याहून कमी धरली असतील, तर ते रुपये अवाढव्य नव्हेत, अपुरेच म्हणायला हवेत.

एवढी तफावत का पडली, हे समजायला 'दमा' या शब्दापाशी थांबावे लागते. आपल्याकडे धाप लागणारा प्रत्येक जुना आजार दमाच. पोराची छाती थंडीत घरघरते तो दमा, आजोबांना विडीने लागलेला तोही दमा, आणि पन्नाशीच्या बाईला कळशी उचलून ओटा चढवत नाही तोही दमाच. खऱ्या दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती झिजतात आणि गेलेली ताकद परत येत नाही. दोन्हींतला फरक कळतो फुंकण्याच्या चाचणीत. श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण सोडलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर सीओपीडी. (सगळ्या वयांना ७०चीच रेघ का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तिने म्हातारी माणसे जास्त पकडली जातात, तरुण सुटतात.) प्राथमिक आरोग्य केंद्रात या चाचणीचे यंत्र सहसा नसते. मग केसपेपरवर 'दमा' लिहिले जाते आणि तो रुग्ण सीओपीडीच्या रकान्यात कधी येतच नाही. मृत्यूच्या दाखल्यावर तर अनेकदा 'हृदय व श्वास बंद पडल्याने' एवढेच असते. ते कुणाच्याही बाबतीत खरेच असणार.

सर्वेक्षणांची अडचण याहून जुनी. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचे धुके पाच दिवस बसले आणि तेव्हाच्या मोजणीनुसार सुमारे ४ हजार माणसे गेली. त्यानंतरच्या चर्चेतून १९५९मध्ये जुनाट ब्राँकायटिसची (श्वासनळ्यांच्या जुन्या दाहाची) व्याख्या ठरली: वर्षात ३ महिने, अशी सलग २ वर्षे, खोकला आणि कफ. पुढे आपल्याकडच्या पाहण्यांतही हाच प्रश्न विचारला गेला. ज्याला धाप लागते पण कफ फारसा पडत नाही, तो त्यात बसत नाही. त्याच १९५९मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या आजाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेल्या रुग्णांचा अभ्यास छापला होता. त्यात बायका लक्षणीय होत्या, आणि संशय चुलीच्या धुरावर होता. तरीही पुढची अनेक दशके हा आजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मानला गेला. २०१६च्या आकड्यांत सीओपीडीच्या एकूण भारापैकी (आजारपण आणि अकाली मृत्यू मिळून) ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा निघाला, घरातला धूर धरून. तंबाखूचा २५.४ टक्के. मधल्या काळात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८५ ते २००२ चालून बंद झाला आणि २०१६मध्ये गॅसजोडणीची योजना आली. पण तीस-चाळीस वर्षे फुंकणी फुंकलेल्या छातीचे नुकसान सिलिंडरने भरून निघत नाही.

रुपयांच्या हिशेबात ही बाई आणखी एकदा गळते. आजाराने बुडालेले उत्पन्न बहुधा मजुरीच्या दराने धरतात. जी घरात राबते, तिच्या कामाला दर नाही, म्हणून तिच्या धापेची किंमत कागदावर शून्याजवळ येते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यांतल्या एकाला दम लागला तर कोयता मोडतो आणि घेतलेली उचल अंगावर राहते. हे नुकसान कोणत्या रकान्यात टाकायचे?

औषधाच्या खर्चातही शब्दाचा घोळ उतरतो. 'पंपाची सवय लागते' या भीतीने लोक तोंडात फवारून ओढायचे औषध सोडून गोळ्यांवर राहतात. साल्बुटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या ४० पट. गोळी स्वस्त पडते, पण ती सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. आणि सीओपीडीला रोज लागतात ती जास्त वेळ टिकणारी औषधे, त्यांचा पंप साल्बुटामॉलपेक्षा बराच महाग. टायोट्रोपियमसारखे औषध २०१५मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, म्हणजे त्याच्या किमतीला कमाल मर्यादा लागली. उलट ऑक्टोबर २०२४मध्ये आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या गेल्या, त्यांत साल्बुटामॉलच्या गोळ्या आणि वाफेचे औषधही होते. उत्पादन परवडत नाही, हे कारण दिले गेले. ते खरे असेलही, पण वाढ गेली ती सर्वांत गरीब रुग्णाच्या खिशातून.

शासकीय विम्याचे गणितही दवाखान्यात दाखल होण्यावर बांधलेले आहे. राज्यात २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना असो वा २३ सप्टेंबर २०१८ची केंद्राची ५ लाखांची, खाटेवर पडल्यावर पैसे मिळतात. सीओपीडीचा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला मेडिकलमध्ये होतो. रोजचा पंप नीट चालू असेल तर ॲडमिट होण्याची वेळ कमी येते, आणि नेमका तोच पंप विम्यात नाही. केंद्राच्या योजनेत घरी सोडल्यानंतर १५ दिवसांची औषधे मिळतात. एक पंप साधारण महिनाभर पुरतो. पुढच्या पंपाचे पैसे ज्याचे त्याने बघायचे.