हरमलच्या गल्लीतला हरमल

मार्चमध्ये एका कामासाठी गोव्यातल्या हरमलला गेलो होतो. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत विजेच्या खांबावर एक रंगीत कागद डकवलेला होता. अॅमेझॉनच्या जंगलातलं पाच हजार वर्षांचं आदिवासी औषध, एका रात्रीत शरीर-मनाचा डिटॉक्स, आणि खाली फोन नंबर. औषधाचं नाव आयावास्का. बरोबर पेडण्याचा मित्र होता. कागद वाचून तो म्हणाला, "हे म्हणजे आमचं घाडीपणच मरे, डॉलरमध्ये." घाडी म्हणजे आमच्याकडचा देवऋषी.

खांबाला लागूनच एका काश्मिरी माणसाचं शालींचं दुकान आहे. दुकान उघडून तो धूप फिरवत होता. धुपाटण्यात निखारे आणि त्यावर बारीक तपकिरी बिया, फोडणीतल्या मोहरीसारख्या तडतडणाऱ्या. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, इजबंद. नजर लागू नये म्हणून जाळतात, लग्नकार्यात तर हवाच. इराणमध्ये यालाच इस्पंद म्हणतात आणि अरबीत हरमल. शास्त्रीय नाव पेगानम हरमाला. गावाच्या नावाचा या झुडपाशी संबंध लावायचा मोह होतो, पण लावू नका. दोन शब्द सारखे दिसले की व्युत्पत्ती सापडली असं मानणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. खांबावरचा कागद आणि दुकानातला धूर यांचं नातं मात्र खरं आहे, आणि ते रसायनशास्त्रातलं आहे.

1841 साली या बियांमधून हरमलीन नावाचा अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत बनणारं एक द्रव्य, वेगळा काढला गेला. पाठोपाठ त्याचा भाऊ हरमीन. पुढे 1852 मध्ये रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाला ब्राझीलमध्ये उआउपेस नदीकाठचे टुकानो लोक एका रानवेलीचा काढा पिताना दिसले. हीच आयावास्काची वेल. 1920च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांच्या हाती या काढ्यातलं द्रव्य लागलं. तो प्यायला की दुसऱ्याच्या मनातलं कळतं अशी ख्याती होती, म्हणून द्रव्याचं नावच पडलं टेलिपॅथीन. 1928 साली कळलं की हे तर जुनंच हरमीन. टेलिपॅथी गेली, हरमीन राहिलं.

पण डोळ्यांपुढे दृश्यं उभी करणारं द्रव्य ते नव्हेच. आयावास्कामध्ये वेलीबरोबर बहुधा चक्रुना नावाच्या, कॉफीच्याच कुळातल्या झुडपाची पानं उकळतात. दृश्यं दाखवणारा रेणू, डीएमटी, त्या पानांत असतो. मग वेल हवी कशाला? कारण नुसत्या पानांचा काढा प्यायला तर काहीच होत नाही. हंगेरीच्या स्टीफन झारा यांनी डीएमटी आधी तोंडावाटे घेऊन पाहिलं, तेव्हा काही घडलं नाही. मग टोचून घेतलं, आणि जे दिसलं ते 1956 साली प्रसिद्ध केलं.

तोंड आणि मेंदू यांच्या मध्ये एक चेकनाका आहे, गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीसारखा. त्याचं नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज, लघुरूप माओ. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात हे विकर, म्हणजे एन्झाइम, ठाण मांडून असतं आणि डीएमटीसारखी द्रव्यं तिथेच मोडून टाकतं. ते नसतं तर गोंयकाराला पावसाळा काढणं कठीण झालं असतं. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला, खारा बांगडा आठवा. खारवलेल्या, मुरलेल्या मासळीत जिवाणू टायरोसीन या अमिनो आम्लापासून टायरामिन बनवतात. ते थेट रक्तात शिरलं तर मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन बाहेर ढकलतं आणि रक्तदाब भडकतो. आपण बांगडा खाऊन वामकुक्षी घेऊ शकतो ती माओमुळे. 1960च्या दशकात नैराश्यावर माओ बंद पाडणाऱ्या गोळ्या दिल्या जात. त्या घेणाऱ्या काही रुग्णांचं मुरलेलं चीज खाल्ल्यावर डोकं फुटायची वेळ आली, काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हा डॉक्टरांना या नाकेदाराची खरी किंमत कळली.

हा नाकेदार काम कसं करतो ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कंटाळा आला तर हा परिच्छेद ओलांडा. अमाइनमधल्या नायट्रोजनच्या शेजारी जो कार्बन असतो, त्याच्याकडून माओ हायड्रोजन काढून घेतं आणि ते आपल्याच पोटातल्या एफएडी नावाच्या सहघटकाकडे सोपवतं. उरलेलं इमाइन पाण्याने फुटून अल्डिहाइड होतं. इकडे एफएडी आपला बोजा ऑक्सिजनवर टाकून मोकळं होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. डीएमटीची गत अशी झाली की शेवटी हाती येतं इंडोल अॅसेटिक अॅसिड. ओळखीचं वाटतं? शाळेत ऑक्झिन म्हणून शिकलेलं, रोपाला उजेडाकडे वाकवणारं, तेच. हरमीन काय करतं, तर माओच्या खोबणीत स्वतःच जाऊन बसतं, काही तासांपुरतं. नाकेदार चहाला गेला. तेवढ्यात डीएमटीचा ट्रक निघून जातो आणि मेंदूच्या बाह्यपटलात सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्याच्या टू-ए ग्राहकांवर (रिसेप्टरवर), म्हणजे सेरोटोनिनच्याच कुलपात, डुप्लिकेट किल्लीसारखा बसतो.

मेक्सिकोतल्या मासातेक लोकांना मात्र दुसऱ्या वनस्पतीची गरज पडली नाही. वाउत्ला गावच्या मारिया साबिना या वैदू बाई रात्रीच्या विधीत अळंबी वापरत. त्यातल्या सिलोसायबिनवर फॉस्फेटचं टोपण असतं. ते शरीरात अल्कलाइन फॉस्फेटेज काढतं, हो, लिव्हरच्या रक्त तपासणीच्या रिपोर्टात असतं तेच. आतून निघतं सिलोसिन, म्हणजे डीएमटीच, फक्त कडेला एक हायड्रॉक्सिल गट जास्त. तो गट नायट्रोजनला आडोसा देतो आणि म्हणून माओची पकड ढिली पडते, असं मानतात. 1957 साली एका अमेरिकन बँकरने या विधीबद्दल मासिकात लिहिलं आणि वाउत्लात हौशी पाहुण्यांची रीघ लागली. गावाने दोष बाईंना दिला, त्यांचं घर जाळलं गेलं.

मित्राच्या शेऱ्याकडे येतो. आपल्या देवळात अवसर येतो, म्हणजे अंगात देव येतो, तो ढोल-ताशाच्या गजरात, कुठल्या वनस्पतीने नव्हे. सातेरीच्या रूपात आपण वारूळ पुजतो, त्याच वारुळावर उगवणारी रोयण अळमी (अळंबी) पावसात तोणाकात, म्हणजे मसाल्याच्या रश्श्यात, पडतात, पण त्यांनी पोट भरतं, दृश्यं दिसत नाहीत. भ्रम आणणारी आपली वनस्पती म्हणजे धोतरा. गोव्यातच 1563 साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात धोतरा चारून घर लुटणाऱ्या चोरांची हकीकत आहे. पण त्याचा मार्ग अगदीच वेगळा. तो अॅसिटिलकोलीनचे ग्राहक बंद करतो, माणूस बरळतो, शुद्ध हरपते आणि जीवही जातो. या सगळ्याला सरसकट 'नशा' म्हणणं म्हणजे ताप आणि तहान एकच मानण्यासारखं आहे.

अॅमेझॉनमध्ये पुष्कळ ठिकाणी काढा पिणारा वैदूच असे, रोगी नव्हे. आजार कुठून आला ते त्याला पाहायचं असे. शिपिबो वैदू रात्रभर इकारो नावाची गाणी म्हणतात, मिठाचं, डुकराच्या मांसाचं कडक पथ्य पाळतात. काढ्याने ओकाऱ्या होतात, त्यालाही ते औषधाचाच भाग मानतात. कागदावरचं डिटॉक्स बहुधा इथून उचललेलं. शरीरातली घाण काढायला मूत्रपिंड आणि यकृत समर्थ आहेत, त्यांना फोन नंबर लागत नाही.

पाच हजार वर्षांचा आकडाही हवेतला. बोलिव्हियातल्या एका गुहेत साधारण 1000 वर्षांपूर्वीची चामड्याची पिशवी सापडली. तिच्यात हरमीन आणि डीएमटी दोन्ही मिळाले, पण बरोबर तपकीर ओढायची नळी होती, काढ्याचं मडकं नव्हे. काढ्याची लेखी नोंद अठराव्या शतकातल्या मिशनऱ्यांची. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट हजारो वर्षांपूर्वीची असते, ही साथ तिकडेही पोहोचलेली दिसते.

औषध म्हणून त्याचा अभ्यास होतो आहे, तोही गंभीरपणे. ब्राझीलमध्ये नाताल शहरात 29 रुग्णांवर झालेली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधांना दाद न देणारं त्यांचं नैराश्य. आठवड्याने काढा घेतलेल्यांपैकी 64 टक्के रुग्णांत मोठी सुधारणा दिसली, दिखाऊ औषध घेतलेल्यांपैकी 27 टक्क्यांत. पण ते रुग्ण निवडून घेतलेले, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. नैराश्याच्या आजच्या गोळ्या चालू असताना असा काढा घेतला तर नाकेदार रजेवर आणि सेरोटोनिनचा पूर, त्यात माणूस दगावू शकतो. खांबावरच्या कागदावर हे कुठेच नव्हतं. डीएमटीला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, हेही नव्हतं.

परतताना दुकानदाराने वर्तमानपत्राच्या पुडीत चिमूटभर इजबंद बांधून दिला. घरी आईने पुडी उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "दृष्टीला मीठ-मिरची आहे ना आपली? हे नेऊन ठेव तुझ्या पुस्तकांजवळ."